यकृताच्या ताठरतेचे मापन

यकृताच्या पेशींमध्ये साठलेल्या चरबीमुळे दाह सुरू झाला, की दुखावलेल्या जागी हळूहळू तंतूंचे जाळे तयार होते. या व्रणीभवनाला फायब्रोसिस म्हणतात आणि सिरोसिस ही त्याची अखेरची अवस्था होय. मद्य न घेणाऱ्यांमध्येही हा क्रम घडतो, हे मेयो क्लिनिकमधील विकृतिशास्त्रज्ञ युर्गेन लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 मध्ये त्या विकाराला स्वतंत्र नाव देऊन मांडले, तेव्हा व्रण किती पसरला आहे हे ठरवण्याचा खात्रीचा मार्ग एकच होता, तो म्हणजे बायॉप्सी. इटलीच्या मेंघिनी यांनी 1958 मध्ये सुई यकृतात जेमतेम एक सेकंद राहील अशी पद्धत मांडल्यापासून ही तपासणी पुष्कळ सुसह्य झाली होती; तरी हाती येणारा तुकडा अख्ख्या यकृताच्या सुमारे 50,000व्या भागाएवढाच असे आणि रक्तस्रावाची धास्ती काही सुटत नसे.

सोनोग्राफीकडून असलेली अपेक्षा अर्धीच फळाला आली. चरबीमुळे यकृत पडद्यावर शेजारच्या मूत्रपिंडापेक्षा उजळ दिसते, परंतु व्रण वाढून यकृताचा पृष्ठभाग खडबडीत होईपर्यंत तो सहसा ओळखू येत नाही. वास्तविक, पोटावर हात ठेवून यकृताची कडा चाचपणाऱ्या डॉक्टरांना कठीणपणाची खूण फार पूर्वीपासून ठाऊक होती. प्रतिमातंत्र मात्र तिच्याकडे वळेपर्यंत विसावे शतक सरत आले. 1995 मध्ये मेयो क्लिनिकमध्येच रिचर्ड एहमन यांच्या गटाने ऊतींतून जाणाऱ्या कंपनलहरी एमआरआयने टिपून दाखवल्या, तर पॅरिसमध्ये लोराँ सांद्रँ आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये फायब्रोस्कॅनची पद्धत प्रसिद्ध केली.

या दुसऱ्या पद्धतीत बरगड्यांमधील फटीवर टेकवलेला प्रोब 50 हर्ट्झचा हलका ठोका देतो, त्यातून उठलेली कर्तन लहर, म्हणजे ऊतींना आडवे हलवत पुढे सरकणारी लहर, यकृतात शिरते आणि तिचा वेग अल्ट्रासाउंडने मोजला जातो. ताठरता वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे सेकंदाला 1 मीटर या वेगाला सुमारे 3 किलोपास्कल, तर 2 मीटरला थेट 12 किलोपास्कल असा आकडा येतो. अशा 10 मापनांचा मध्यक ग्राह्य धरतात.

या यंत्राची पहिली पारख हिपॅटायटिस सीच्या रुग्णांवर झाली होती, हे विसरून चालत नाही. फॅटी लिव्हरचे रुग्ण बहुधा स्थूल असतात, आणि त्वचेखालच्या मेदाच्या जाड थरातून लहर नीट पोहोचत नसल्यामुळे ज्यांना या तपासणीची सर्वाधिक गरज, त्यांच्यावरच ती वारंवार निष्फळ ठरे. त्यांच्यासाठी अधिक खोलवर मोजणारा एक्सएल प्रोब पुढे बनवावा लागला. एमआरआयला मेदाचा हा अडसर फारसा जाणवत नाही आणि तो यकृताचा कितीतरी मोठा भाग पाहतो, पण त्याचा खर्च सर्वांना परवडणारा नाही.

शिवाय ताठरता म्हणजे निव्वळ व्रण नव्हे: नुकतेच झालेले जेवण, तीव्र दाह किंवा हृदयविकारामुळे यकृतात तुंबलेले रक्त यांनीही आकडा चढतो, म्हणूनच तपासणीपूर्वी किमान 3 तास उपाशी राहण्यास सांगतात. याच कारणामुळे 8 किलोपास्कलखालचा आकडा प्रगत फायब्रोसिसची शंका दूर करण्यास बहुतांशी पुरेसा मानला जातो, त्यावरच्या आकड्याला मात्र दुसऱ्या तपासणीची आणि क्वचित त्या जुन्या सुईची जोड द्यावी लागते.