गुणवंत विद्यार्थी, अंतर आणि आपुलकी : एक ऐतिहासिक आढावा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत संस्थेच्या गतकालाचे सिंहावलोकन करण्याचा प्रघात आहे. आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांचा वृत्तान्त इतर लेखांतून येईलच. आम्ही या प्रसंगी एका निराळ्या प्रश्नाचा इतिहास वाचकांपुढे ठेवू इच्छितो. असामान्य बुद्धीचे मूल एके ठिकाणी आणि त्याला शिकवू शकेल असा गुरू दूर दुसऱ्या ठिकाणी, अशी स्थिती असता मधले अंतर कसे तोडावे, हा तो प्रश्न होय. संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर घरबसल्या पाठ मिळू लागल्यापासून हा प्रश्न कायमचा सुटला, असा समज आपल्या सुशिक्षित वर्गात रूढ होत आहे. हा समज कितपत खरा आहे, हे इतिहासाच्या आधारे तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

अंतर तोडण्याचे सर्वांत जुने आधुनिक साधन म्हणजे टपाल. त्याचे सर्वश्रुत उदाहरण श्रीनिवास रामानुजन यांचे. १८८७ साली जन्मलेल्या आणि कुंभकोणम येथे वाढलेल्या या मुलाने गणिताच्या एका संग्रहग्रंथावरून स्वतःच अध्ययन केले. गणितापुढे इतर विषय मागे पडल्याने त्याची महाविद्यालयीन शिष्यवृत्ती गेली आणि पुढे परीक्षेतही अपयश आले. १६ जानेवारी १९१३ रोजी त्याने केंब्रिजच्या प्रा. हार्डी यांना पत्र लिहिले आणि त्या पत्राने त्याचे भाग्य उजळले, एवढी कथा सर्वांना ठाऊक असते.

परंतु त्या पत्रापूर्वीची हकीकत अधिक विचार करण्याजोगी आहे. हार्डींच्या आधी केंब्रिजमधीलच इतर गणितज्ञांना धाडलेल्या पत्रांतून काहीही निष्पन्न झाले नव्हते. रामानुजन तग धरून राहिले ते मद्रास इलाख्यातील काही जाणत्या गृहस्थांमुळे. डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांनी त्यांच्या वह्या पाहून त्यांना योग्य माणसांकडे धाडले. नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांनी काही काळ स्वतःच्या पदरचे पैसे दिले. १९१२ साली मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपयांची कारकुनी मिळाली, तेथे वरिष्ठांनी त्यांच्या गणितास उत्तेजनच दिले. १९१३ साली मद्रास विद्यापीठाने दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. सरकारी कचेरीत आयुष्य वेचलेल्या आमच्यासारख्यांना ही नावे विशेष अभिमानाची वाटतात. टपालाने अंतर तोडले खरे, परंतु पत्र लिहिण्याइतपत तो तरुण उभा राहिला तो जवळच्या माणसांच्या आधाराने.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातील आणि म्हणून अधिक जवळचे. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकाने त्यांना स्वलिखित बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढे त्यांची गाठ बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याशी घालून दिली. महाराजांच्या साहाय्याने भीमराव बी. ए. झाले आणि १९१३ साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. येथेही पारख आधी, द्रव्य नंतर, असाच क्रम दिसतो.

मात्र या कथेचा उत्तरार्ध विसरता कामा नये. १९१७ साली कराराप्रमाणे सेवा करण्यासाठी डॉ. आंबेडकर बडोद्यास आले, तेव्हा त्या राजधानीत त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी आश्रय घेतला, तेथूनही त्यांना घालवून देण्यात आले. कचेरीत हाताखालचे लोक स्पर्श टाळण्यासाठी कागदपत्रे दुरून टाकीत. ज्या शिष्यवृत्तीने त्यांना महासागरापार नेले, तिला बडोद्यातील एका घराचा उंबरठा ओलांडून देता आला नाही. सर्वसमावेशक शिक्षण हा शब्दप्रयोग आजकाल परिपत्रकांतून वारंवार आढळतो. त्याचा अर्थ समजून घ्यावयाचा तर या एका प्रसंगाचे मनन पुरेसे आहे.

स्वातंत्र्यानंतर गुणवंतांचा शोध हे शासनाचे आणि समाजाचे नियमित कार्य झाले. १९६३ साली राष्ट्रीय विज्ञान प्रतिभा शोध योजना प्रथम केवळ दिल्लीपुरती सुरू झाली, आणि दुसऱ्याच वर्षी ती देशभर लागू झाली. त्याआधी १९६२ साली डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी पुण्यात ज्ञानप्रबोधिनीची स्थापना करून बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा प्रयोग आरंभिला होता. १९८५-८६ मध्ये नवोदय विद्यालयांचा श्रीगणेशा झाला. पहिल्या दोन विद्यालयांपैकी एक हरियाणातील झज्जर येथे, तर दुसरे आपल्या अमरावतीस निघाले. या विद्यालयांत किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी राखून ठेवलेल्या असतात. याखेरीज हिंदीभाषक आणि अहिंदीभाषक प्रदेशांतील विद्यालयांनी नवव्या इयत्तेतील काही विद्यार्थ्यांची एका वर्षासाठी अदलाबदल करावी, अशीही योजना त्यांत अंतर्भूत आहे. बुद्धी आणि सांस्कृतिक परिचय यांची अशी सांगड इतरत्र क्वचितच आढळते.

आता साधनांकडे वळू. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने आपल्या देशातील सहा राज्यांच्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यात आले. हे कार्यक्रम हिंदी, कन्नड, तेलुगू व ओडिया या भाषांत होते, हे ध्यानात ठेवावयास हवे. १९८४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे देशव्यापी शैक्षणिक प्रक्षेपण सुरू झाले, ते बहुतांशी इंग्रजीत. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, तर १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. २००३ मध्ये भारतीय तंत्रज्ञान संस्थांनी एकत्र येऊन आपली व्याख्याने इंटरनेटवर खुली करण्याचा उपक्रम हाती घेतला, आणि २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हे व्यासपीठ उभे राहिले. आता बुलढाण्याच्या वा बस्तरच्या मुलाने मद्रासच्या प्राध्यापकाचे व्याख्यान ऐकण्यात यंत्राची अडचण फारशी उरली नाही. तथापि २०२० साली महामारीमुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा घरात एकच मोबाइल आणि शिकणारी भावंडे तीन, अशी कुटुंबे आपणांपैकी प्रत्येकाने पाहिली. पडदा सर्वांसाठी खुला असतो. मात्र त्याच्यासमोर बसण्याची सवड आणि जागा सर्वांना सारखी लाभत नाही.

शिवाय भाषेचा प्रश्न उरतोच. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना १९७४ ची. तेथील संशोधकांनी प्रा. वि. गो. कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखाली केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले की, विज्ञानाच्या मराठी पाठ्यपुस्तकांची बोजड भाषा सोपी केली, तर मुलांचे आकलन लक्षणीय सुधारते. पुढे मुंबई महानगरपालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलांमधील प्रतिभा शोधून तिची जोपासना करण्याचा उपक्रमही या केंद्राने राबविला. या मुलांत बुद्धीची वाण नव्हती. घरची बोली आणि पुस्तकी भाषा यांच्यामध्ये जी भिंत उभी होती, ती त्यांना अडवीत होती. भिंत ठेंगणी होताच मुले पुढे सरसावली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मातृभाषेतील शिक्षणाचा पुरस्कार केला, त्याचप्रमाणे विशेष गती असलेल्या विद्यार्थ्यांची स्वतंत्र दखलही घेतली. हे दोन्ही विचार एकाच दस्तऐवजात यावेत, यास आम्ही योगायोग मानीत नाही.

हा सर्व इतिहास आपल्या मंडळाच्या दाराशी येऊन थांबतो. आम्ही बदलीच्या नोकरीतील माणसे. १९६३ पासून केंद्रीय विद्यालये निघाली, म्हणून आमच्या मुलांच्या शिक्षणात खंड पडला नाही. त्यांचे मराठी टिकले ते घरातील वडीलधाऱ्यांमुळे आणि मंडळाच्या रविवारच्या वर्गामुळे. परंतु या नगरीतील मराठी समाज केवळ अधिकाऱ्यांचा नाही. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातून सोन्याचांदीच्या गलाई व्यवसायासाठी आलेली कुटुंबे येथे आहेत, बांधकामावर राबणारी कुटुंबेही आहेत. त्यांची मुले घरी एक बोली बोलतात, शाळेत दुसऱ्याच भाषेत शिकतात, आणि पडद्यावर तिसऱ्या भाषेतील पाठ पाहतात. आपल्या वार्षिक गुणगौरव समारंभात टक्केवारी पाहून पारितोषिके देण्यात येतात. या निकषावर परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या रामानुजनला आपल्या मंचावर कधीच पाचारण झाले नसते!

सुवर्णमहोत्सवी निधीतून संगणक घ्यावेत, असा प्रस्ताव सध्या मंडळापुढे आहे. त्यास आमचा मनःपूर्वक पाठिंबा आहे. आमची सूचना एवढीच की, प्रत्येक संगणकाबरोबर एक माणूसही योजावा. मंडळात निवृत्त अभियंते, शिक्षिका, लेखाधिकारी यांची वाण नाही. आठवड्यातील दोन सायंकाळी त्यांनी ग्रंथालयात बसावे, पडद्यावरील इंग्रजी पाठ सोप्या मराठीत उकलून सांगावा, आणि कोणते मूल अभ्यासक्रमाबाहेरचे प्रश्न विचारते, याची नोंद ठेवावी. गलाईवाल्यांच्या व मजुरांच्या वस्तीत जाऊन त्या मुलांना हाताला धरून आणावे. जवळच्या नवोदय विद्यालयात महाराष्ट्रातून वर्षभरासाठी आलेली मुले असतील, तर गणेशोत्सवास त्यांना आपल्या घरी जेवावयास बोलवावे.

यासाठी लागणारा खर्च अत्यल्प आहे. केळुसकर गुरुजींनी एक पुस्तक आणि थोडा वेळ दिला होता. पुढील पन्नास वर्षांत आपल्या मंडळाकडून असे एक जरी मूल उभे राहिले, तरी हा महोत्सव सार्थकी लागला, असे आम्ही मानू.