बिघाडाचे पूर्वगणित

यंत्राचे शंभर भाग, प्रत्येक टिकण्याची शक्यता 99 टक्के. एकही निकामी होताच यंत्र थांबत असेल, तर ते अखंड चालण्याची शक्यता सुमारे 37 टक्केच उरते. दुसऱ्या महायुद्धातील निर्वात नलिकांच्या बिघाडांनी या गणिताची निकड पटवली. 1960च्या दशकात अमेरिकी सैन्याने बिघाड-दरांची 217 क्रमांकाची पुस्तिका काढली. तिची कोष्टके पुढे संगणक-प्रणालींत उतरली. प्रणाली हिशेब करते. परंतु यंत्र किती उष्णतेत राहणार, हे आपणच सांगावे लागते. कर्नाटकातील कित्तूरला 1986 साली सुरू झालेले सी-डॉटचे ग्रामीण टेलिफोन केंद्र वातानुकूलनाविना चालावे असेच रचले होते. लोधीखेड्याचा वैशाख भोगलेल्या मला त्यातच आपल्या अभियंत्यांचे शहाणपण दिसते. थंड खोली गृहीत धरून काढलेला आकडा गावात खोटा ठरतो.