लहान महाविद्यालये आणि कुस्तीचा आखाडा

मोठ्या संस्थांनी मार्ग आखावा आणि लहानांनी त्यावरून चालावे, असा शिक्षणक्षेत्रातील सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेतील महाविद्यालयीन कुस्तीचा इतिहास पाहता हा समज सर्वस्वी खरा नाही, असे आम्हांस वाटते.

आयोवा संस्थानात माउंट व्हर्नन या लहानशा गावी कॉर्नेल कॉलेज आहे. न्यूयॉर्ककडील विख्यात कॉर्नेल विद्यापीठ ते हे नव्हे. हे १८५३ साली, म्हणजे त्याच्याही आधी स्थापन झाले. १९४७ साली प्रशिक्षक पॉल स्कॉट यांच्या या चिमुकल्या संस्थेतील मल्लांनी बलाढ्य विद्यापीठांस मागे सारून राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद पटकाविले. याच संस्थेने १८५८ सालीच एका स्त्रीस पदवी दिली होती. परंतु वर्गाचे दार उघडले म्हणून आखाड्याचे उघडले असे नव्हे. कुस्ती ही पुरुषांचीच मिरास राहिली.

१९७२ साली सरकारी साहाय्य घेणाऱ्या विद्यालयांत स्त्रीपुरुषांस समान संधी देण्याचा कायदा झाला. पुढे जमाखर्चाचा मेळ घालताना कित्येक संस्थांनी पुरुषांची कुस्तीच बंद केली आणि दोष मात्र मुलींच्या हक्कांवर आला. कुस्ती प्रशिक्षकांच्या संघटनेने २००२ साली सरकारविरुद्ध दावा लावला. पुढील वर्षी तो फेटाळला गेला.

या वादाच्या ऐन भरात, १९९३ साली, मिनेसोटा विद्यापीठाच्या मॉरिस येथील लहान शाखेने मुलींचे अधिकृत कुस्तीपथक उभे केले. अमेरिकेतील महाविद्यालयांत असे हे पहिलेच. तोवर कुस्ती खेळू इच्छिणाऱ्या मुलीस बहुधा मुलांच्याच पथकात शिरावे लागे. ते पथक पुढे टिकले नाही. परंतु पायंडा पडला. २००४ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या कुस्तीचा समावेश झाला. २०२३ साली लहान महाविद्यालयांच्या राष्ट्रीय संघटनेने मुलींची पूर्ण अजिंक्यपद स्पर्धा भरविली. बड्या क्रीडासंघांतील विद्यापीठांपैकी प्रथम आयोवा विद्यापीठाने मुलींच्या पथकाची घोषणा केली ती २०२१ साली, म्हणजे मॉरिसनंतर अठ्ठावीस वर्षांनी! जानेवारी २०२५ मध्ये प्रमुख राष्ट्रीय क्रीडासंघटनेनेही या खेळास अजिंक्यपदाचा दर्जा मंजूर केला.

खेळाच्या नियमांतही एक गमतीचा भेद आहे. महाविद्यालयीन मुले प्रतिस्पर्ध्यास खाली दाबून ताब्यात ठेवण्यास महत्त्व देणाऱ्या देशी पद्धतीने लढतात. मुली मात्र ऑलिंपिकच्या मुक्त पद्धतीने. त्यामुळे जागतिक आखाड्याचा अभ्यास मुलींस महाविद्यालयातच घडतो.

लहान संस्थांचा हेतू केवळ उदात्त होता, असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांचा संसार विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालतो, त्यांस एक गादी आणि एक प्रशिक्षक यांच्या खर्चात वीसतीस विद्यार्थिनी येतात हा हिशेब कळतोच. परंतु निकडीतून घडलेले सत्कार्यही सत्कार्यच होय. शिवाय मुलींचे पथक निघाले म्हणजे संधींचा तोल सुधारतो आणि मुलांच्या पथकासही अभय मिळते. एकाच्या ताटातील घास काढल्याखेरीज दुसऱ्यास वाढता येत नाही, ही भीती खोटी होती. ती खोटी ठरविण्याचे धाडस ज्या लहान संस्थांनी प्रथम केले, त्यांचे श्रेय मोठ्यांच्या विजयोत्सवात झाकून जाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे.