प्रवाशाच्या पेटीतला मेक्सिको

मेक्सिकोचा इतिहास म्हटलं की आपण पिरॅमिडपासून सुरुवात करतो. आज मात्र प्रवासी तिथून जे विकत घेऊन परततात, त्या वस्तूंपासून सुरुवात करू. तीनच वस्तू घेऊ: चियापासचा विपिल, म्हणजे बायकांचा विणलेला सैल अंगरखा; वाहाकाचं काळं चकचकीत मडकं; आणि झाडाच्या सालीच्या कागदावरचं रंगीत चित्र. बाजारात तिन्ही ‘पारंपरिक’ म्हणूनच विकल्या जातात. पण यातली कुठली परंपरा किती जुनी आणि ती कुणाची, हे आपल्याला पाहायचं आहे.

विपिल खरोखर जुना आहे. चियापासमधल्या याश्चिलान या माया नगरीतली, आठव्या शतकात कोरलेली दारावरची एक शिळा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यावरच्या राणीच्या अंगात शंकरपाळ्यांच्या नक्षीचा विपिल दिसतो. तशी नक्षी चियापासच्या बायका आजही विणतात, आणि तीही कमरेच्या मागावर. या मागाचं एक टोक झाडाला किंवा खांबाला बांधतात, दुसरं विणणारीच्या कमरेला. ती मागे रेलली की धागे ताणले जातात. हात पोचतील तेवढाच कापडाचा पन्हा, म्हणून मोठा विपिल दोन-तीन पट्टे जोडून शिवतात. अर्थात, यातही बदल झालेच. लोकर स्पॅनिश लोकांनी आणलेल्या मेंढ्यांबरोबर आली.

आता मडकं. वाहाकाजवळच्या सान बार्तोलो कोयोतेपेक गावात मडकी पूर्वीपासून होत, पण ती करड्या रंगाची आणि बिनचमकीची. त्यांतून पाणी आणि मेस्काल नावाची दारू नेत. विसाव्या शतकाच्या मध्यात दोन्या रोसा या कुंभारणीनं कच्चं मडकं गारगोटीनं घासून, कमी आचेवर भाजून चकचकीत काळं करण्याची रीत रूढ केली. मडकं देखणं झालं, प्रवासी ते घेऊ लागले. पण गंमत अशी, की ते पाणी धरत नाही! मडक्याचं मूळ कामच सुटलं आणि ते शोभेची वस्तू झालं.

सालीच्या कागदाची, म्हणजे अमातेची, कथा आणखी वेगळी. वड-उंबराच्या कुळातल्या झाडांची साल उकळून, दगडानं ठेचून हा कागद करतात. तो जुन्या धर्मविधींत वापरला जाई, म्हणून स्पॅनिश सत्तेनं त्याच्यावर बंदी आणली. पुएब्ला प्रांतातल्या सान पाब्लितो गावच्या ओतोमी लोकांनी तो विधींसाठी टिकवला. 1960 च्या सुमारास गेरेरो प्रांतातले नाहुआ लोक, जे आधी मडक्यांवर चित्रं काढत, ती चित्रं या कागदावर काढू लागले. मडकं वाटेत फुटतं, कागद गुंडाळी करून पेटीत मावतो. म्हणजे कागद एका समाजाचा, चित्र दुसऱ्याचं, आणि दोघांची गाठ घातली ती गिऱ्हाइकानं.

मग या सगळ्याला ‘राष्ट्रीय परंपरा’ हे नाव कधी मिळालं? 1910 च्या क्रांतीनंतर विखुरलेल्या देशाला एक ओळख हवी होती. 1921 मध्ये स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त मेक्सिको शहरात लोककलांचं प्रदर्शन भरलं. चित्रकार डॉक्टर आत्ल यांनी त्यासाठी ग्रंथ लिहिला. तोवर गावंढळ समजल्या जाणाऱ्या वस्तू देशाचं भूषण ठरल्या. 1936 मध्ये अमेरिकेच्या सरहद्दीवरून मेक्सिको शहरापर्यंत मोटाररस्ता खुला झाला आणि गिऱ्हाईक थेट दारात आलं.

भूषण देशाचं झालं, पण हात गावांचेच राहिले. 2015 मध्ये एका फ्रेंच डिझायनरच्या कपड्यांत आपल्या ब्लाउजची नक्कल आहे, असं म्हणत वाहाकातल्या त्लाहुइतोल्तेपेक या मिहे लोकांच्या गावानं जाहीर निषेध केला. 2022 मध्ये मेक्सिकोत अशा वारशावर त्या त्या समाजाचा सामूहिक हक्क मान्य करणारा कायदा आला.

म्हणून आपल्याला वाटतं, की वस्तू किती जुनी यावरून तिचा अस्सलपणा ठरवू नये. दोन्या रोसांचं मडकं नवं आहे, पण गावाच्या मातीचं आणि हाताचं आहे. उलट विपिलची नक्षी बाराशे वर्षांची असली, तरी यंत्रावर छापली तर विणणारीच्या पदरात काय पडतं? विकत घेताना ‘हे किती जुनं?’ यापेक्षा ‘हे कुणी केलं?’ हे विचारलेलं बरं.

आज इथे थांबू.