छप्पर हरवलेला प्रासाद

वेल्सच्या पश्चिम टोकाला, आलून नावाच्या लहानशा नदीकाठी, संत डेव्हिड यांच्या नावाचे गाव आहे. तेथील कॅथेड्रलसमोर, नदीपलीकडे, बिशपांचा मध्ययुगीन प्रासाद उभा आहे. भिंती भक्कम, कमानी डौलदार. छप्पर मात्र नाही.

संत डेव्हिड हे सहाव्या शतकातील मठाधिपती. भाकरी, भाजीपाला आणि पाणी यांवर त्यांचा मठ जगे. बैलांऐवजी मठवासीच नांगर ओढत, असे त्यांच्या चरित्रात सांगितले आहे. अशा विरक्ताच्या वारसांना प्रासाद कशाला हवा होता?

याचे उत्तर यात्रेकरूंच्या गर्दीत सापडते. येथील दोन यात्रा रोमच्या एका यात्रेच्या तोलाच्या, असे बाराव्या शतकात पोप दुसरे कॅलिक्स्टस यांनी ठरविल्याची परंपरा आहे. १२८४ मध्ये राजा पहिला एडवर्ड राणीसह येथे आला. बिशप थॉमस बेक (१२८०-९३) यांच्या काळात प्रासादाला आकार आला. बिशप हेन्री गोवर (१३२८-४७) यांनी भव्य सभागृह, चक्राकार खिडकी आणि कमानींचा कठडा उभारून त्याला पूर्णत्व दिले. याच गोवरांनी १३३२ मध्ये स्वान्सी येथे गोरगरिबांसाठी धर्मादाय रुग्णाश्रमही स्थापिला. वैभव आणि सेवा एकाच हातून घडली.

पुढे धर्मसुधारणेचे वादळ आले. १५३६ मध्ये बिशप झालेल्या विल्यम बार्लो यांना यात्रा व पवित्र अवशेष मान्य नव्हते. धर्मपीठ कार्मार्थनला हलविण्याचा त्यांचा बेत फसला. मात्र बिशपांचे निवासस्थान अबरग्विलीला गेले. पाच मुलींच्या हुंड्यासाठी बार्लोंनी सभागृहाच्या छपराचे शिसे विकले, अशी दंतकथा आहे. पाचही मुलींचे विवाह बिशपांशी झाले, हे खरे. परंतु ते एलिझाबेथ राणीच्या काळात. १५३६ मध्ये हुंड्याची चिंता पडावी, असे त्यांचे वय नव्हतेच. कालगणनेपुढे ही कथा टिकत नाही.

तरीही ती लोकांच्या ओठी राहिली, कारण पडझडीला एक दोषी सापडला की मन निवांत होते. खरे कारण अधिक विचार करायला लावणारे आहे. यात्रेकरू येईनासे झाले, बिशप निघून गेले, आणि आतिथ्यासाठी बांधलेल्या घराला प्रयोजनच उरले नाही. छप्पर त्यानंतर गेले.

आपणही मंदिरे बांधतो, सभागृहे उभारतो. त्यांचे छप्पर शिशाने नव्हे, आत येणाऱ्या पाहुण्याच्या स्वागताने टिकते.