आठव्या दिवशीचा शब्द

पर्युषणाचे दहा दिवस आमच्या बेळगावच्या बस्तीत तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय सांगतात. आठव्या दिवशी आठवा, कर्मबंधाचा. आम्हा बायकांना हा अध्याय जरा जडच जातो. दर्शनावरणीय कर्माचे नऊ भेद आले की त्यांतले पाच झोपेचे, एवढंच लक्षात राहतं. नेमकं त्याच वेळी उपासाचं कुणीतरी खरंच पेंगत असतं आणि हशा पिकतो. मीही कितीतरी वर्षं हसले आहे.

त्याच सभेत खांबाला टेकून आक्का बसलेली असायची. आक्का म्हणजे माझी आत्या. तिचं लग्न सोळाव्या वर्षी झालं आणि तीन महिन्यांत सासरच्यांनी तिला परत आणून सोडलं. रात्री ती उठायची, परसदाराची कडी काढून विहिरीवर जायची आणि रिकामी घागर कमरेवर घेऊन परत यायची. डोळे सताड उघडे. हाक मारली तर भलतंच काहीतरी बोलायची. सकाळी विचारलं तर म्हणायची, "मी कुठं? मी तर झोपले होते." आधी ती खोटारडी ठरली, मग तिला बाधा झाली असं ठरलं. अंगारे झाले, मिरच्यांची धुरी झाली. त्यानंतर ती जन्मभर आमच्याच घरी राहिली.

मी तिला तसं एकदाच पाहिलं. नऊ-दहा वर्षांची असेन. माजघरात कसल्याशा घरघरीनं जाग आली. अंधारात आक्का जातं ओढत होती. जात्यात दाणा नव्हता, नुसता दगडावर दगड. मी ओरडणार तेवढ्यात आजी उठली. तिनं हाक मारली नाही, गदागदा हलवलंही नाही. खांद्यावर हात ठेवून तिला अंथरुणापर्यंत आणलं आणि निजवलं. सकाळी आक्कानं विचारलं, "जात्यावरचं फडकं कुणी काढलं?" आजी म्हणाली, "मीच." त्या दिवसापासून परसदाराच्या कडीला रात्री पितळी तांब्या अडकवलेला असायचा. कडी हलली की तो खणखणायचा.

आक्का गेल्यावर मी टीकेसह ग्रंथ वाचायला लागले, तेव्हा त्या पाच झोपा नीट समजल्या. दहाव्या शतकात नेमिचंद्र सिद्धान्तचक्रवर्ती झाले. श्रवणबेळगोळची बाहुबलीची मूर्ती घडवून घेणाऱ्या चामुंडरायाच्या काळातले ते आचार्य. त्यांनी गोम्मटसारात प्रत्येक झोपेची खूण दिली आहे. एकीत माणूस चालता चालता थांबतो, बसतो, पडतो. एकीत डोळे उघडताच येत नाहीत. एकीत डोळे किंचित उघडे राहतात, थोडं थोडं कळतही असतं. एकीत लाळ गळते, हातपाय हलतात. आणि पाचवी स्त्यानगृद्धी. हिच्यात उठवलं तरी माणूस झोपेतच राहतो, झोपेतच काम करतो आणि बोलतोसुद्धा. वाचलं आणि मी पुस्तक मांडीवर ठेवून दिलं. ही तर आमची आक्का!

श्वेतांबर परंपरेत तर याच्या गोष्टीच आहेत. सहाव्या-सातव्या शतकातल्या जिनभद्रगणींच्या विशेषावश्यकभाष्यात त्यांचा उल्लेख येतो. एका साधूला दिवसा मोदक दिसले, पण मिळाले नाहीत. रात्री तो झोपेतच गेला, पोटभर खाल्ले, उरलेले पात्रात भरून आणले आणि निजला. सकाळी गुरूंना म्हणाला, असं स्वप्न पडलं. पात्रं तपासली तर मोदक निघाले! दुसऱ्या एकानं दिवसा त्रास दिलेल्या हत्तीचे रात्री दात उपटून आणले. अशा साधूंना संघाबाहेर काढत. गृद्धी म्हणजे हाव, असाही अर्थ लावला जातो. दिवसाची हाव रात्री पुरी होते, म्हणजे दोष त्या माणसाचाच.

बी.ए.ला आम्हाला 'मॅकबेथ' होतं. शिरवाडकरांचं 'राजमुकुट' त्याच्यावरूनच घेतलेलं. राणी झोपेत उठते, कागदावर लिहिते, घडी करते, मोहोर लावते आणि पुन्हा निजते, हे सगळं तिची दासी वैद्याला सांगते. तिथंही दासीची नजर अचूक, आणि तिथंही अर्थ तोच निघतो: हातून पाप घडलं, म्हणून ही चालते.

खरी घटना बघायची तर १८७८ची, ग्लासगोच्या सायमन फ्रेझरची. जनावर अंगावर आलं अशा भासात त्यानं झोपेतच स्वतःच्या तान्ह्या मुलाला मारलं. ज्यूरीनं त्याला शुद्ध नव्हती असं मानलं आणि यापुढे एकट्यानं निजायचं, या हमीवर तो सुटला. पुढे १९६५मध्ये लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी अशा मुलांच्या मेंदूच्या लहरी रात्रभर नोंदवल्या. ही मुलं उठायची ती स्वप्नाच्या झोपेतून नव्हे, सगळ्यांत गाढ झोपेतून. म्हणून बहुतेक वेळा हे रात्रीच्या पहिल्या प्रहरांत घडतं. मेंदू अर्धा जागा, अर्धा झोपलेला. घराण्यात असेल तर जास्त आढळतं. जागरण, ताप, ताण यांनी वाढतं. आणि डॉक्टर सांगतात, हिसडून उठवू नका, हळूच अंथरुणावर न्या. म्हणजे आजीनं केलं तेच. आजी शाळेत गेलेली नव्हती.

हाव म्हणावी, तर आक्काला रात्री काय हवं होतं? घागर आणि जातं. दिवसभर जे ओढत होती, तेच. सोळा वर्षांची पोर, परकं घर, पहाटे चारला उठायचं. तीन महिन्यांत झोप म्हणून तिला किती मिळाली असेल?

आजोबा रोज स्वाध्याय करायचे. त्यांची गोम्मटसाराची प्रत आता माझ्याकडे आहे. स्त्यानगृद्धीच्या ओळीखाली पेन्सिलीची फिकट रेघ आहे, त्या पानावर दुसरी कुठलीच खूण नाही. मग घरात कुणाला सांगितलं का नाही? त्याच टीकेत पुढे या कर्माला रौद्र म्हटलं आहे, म्हणून की काय? परत आलेल्या मुलीवर आणखी एक शिक्का नको, असं वाटलं असेल का?

गेल्या पर्युषणात आठव्या दिवशी पंडितजी पाच निद्रांवर आले आणि नेहमीसारखा हशा पिकला. मी आक्काच्या खांबाला टेकून बसले होते. शेजारची नवीन सून मला हळूच म्हणाली, "काकू, माझा धाकटा रात्री उठून दाराशी जाऊन उभा राहतो हो. घरात कुणाला बोलले नाही अजून."

तिला म्हटलं, सभा सुटली की घरी ये. आजीचा तांब्या माळ्यावर आहे, तो काढून ठेवते.