आधी कोणाला झोपवायचं?

हायबरनेट म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवून वीज पूर्ण बंद करणं. गाबोर कुटी यांनी सुरू केलेली आणि पावेल माखेक यांनी पुढे नेलेली ही सोय २००२ साली लिनक्स कर्नलच्या विकासशाखेत आली. फोटो काढताना कुणी हललं तर चित्र फिसकटतं, तसंच इथेही. म्हणून फ्रीझर नावाची यंत्रणा आधी युजरस्पेसमधल्या सगळ्या प्रोसेस गोठवते, मग रॅमची प्रत काढली जाते आणि स्वॅपमध्ये लिहिली जाते.

या रचनेमागे एक गृहीतक होतं. आम्हाला इंजिनिअरिंगला शिकवलं तेच: डिस्क सांभाळणारा कर्नल खाली, सेवा घेणारे प्रोग्रॅम वर. वरच्यांना कुठल्याही क्रमाने झोपवा, कोणाचं काही अडत नाही.

२००५ साली कर्नल २.६.१४ मध्ये मिक्लोश सेरेदी यांचं फ्यूज आलं आणि हे गृहीतक मोडलं. फ्यूजमुळे फाइलसिस्टिम हा युजरस्पेसमधला साधा डीमन होऊ शकतो. विंडोजचं पार्टिशन वाचणारं एनटीएफएस-३जी आणि दूरचा सर्व्हर फोल्डरसारखा दाखवणारं एसएसएचएफएस ही त्याचीच रूपं.

आता समजा, एखादा प्रोग्रॅम अशा फोल्डरमधली फाइल मागतो आणि उत्तराची वाट बघत कर्नलच्या आत थांबतो. तेवढ्यात फ्रीझर सुरू होतो आणि डीमन आधी गोठतो. कोठीची किल्ली ज्याच्या कमरेला, तोच झोपला. उत्तर येत नाही, त्यामुळे वाट बघणारा गोठण्याच्या जागी पोचतच नाही. फ्रीझर वीस सेकंद थांबतो आणि सगळाच बेत रद्द करतो. लॅपटॉप मात्र झाकण मिटून बॅगेत गेलेला असतो, बॅटरी जळत राहते. ती संपली की न साठवलेलं कामही गेलं.

गोठवण्याचा क्रम बदलून प्रश्न सुटेल असं वाटतं, पण कोण कोणावर अवलंबून आहे हे कर्नलला माहीत नसतं. एक फ्यूज डीमन दुसऱ्या फ्यूज फोल्डरमधून वाचत असू शकतो.

इंटेलच्या रेडसाठी लागणारा एमडीएमऑन हा डीमन गाठ आणखी घट्ट करतो. थांबलेल्या अॅरेवर पहिलं लिखाण होण्याआधी तो ‘वापरात’ अशी नोंद करतो, तोवर कर्नल लिखाण अडवून धरतो. स्वॅप त्याच अॅरेवर असेल आणि डीमन गोठलेला असेल, तर रॅमची प्रत लिहायला परवानगी देणार कोण?

२००७ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी सस्पेंड-टु-रॅमसाठी फ्रीझर हवाच कशाला, असा वाद घातला. हायबरनेटला मात्र तो लागतोच, कारण प्रत काढल्यानंतर डिस्क बदलली तर जागं झाल्यावर डेटा बिघडतो. शटडाउनसाठी सिस्टिमडीने एक सोपी खूण ठरवली: प्रोसेसच्या नावाची सुरुवात ‘@’ ने असेल तर तिला मारायचं नाही. पण शटडाउनमध्ये कोणाला वगळायचं एवढंच ठरवायचं असतं. इथे वगळलेला डीमन प्रत काढतानाही हलत राहील. कर्नलच्या दस्तऐवजात ही अडचण नोंदलेली आहे. काही युजरस्पेस प्रोसेस आता कर्नल थ्रेडची कामं करतात, असं तिथे लिहिलं आहे.

यात एका कुणाच्या कोडची चूक मला दिसत नाही. सोयीसाठी रेघ ओलांडली गेली, पण त्या रेघेवर विसंबलेली यंत्रणा तिथेच राहिली. मी हायबरनेट करण्याआधी एसएसएचएफएसचे माउंट स्क्रिप्टने उतरवतो. कर्नलला जे कळत नाही, ते निदान माझ्या लॅपटॉपपुरतं मला माहीत असतं.